डोंगरावरच्या एका मुक्कामाची तयारी: पाच आठवड्यांच्या नोंदी

डोंगरात एक रात्र काढायची, एवढंच काम आहे. जाणारे तिघे: मी, माझा धाकटा भाऊ आणि ५६ वर्षांची मावशी. दिवसाभराच्या चढाया तिघांनीही केल्यात, पण रात्रीचा मुक्काम प्रत्येकाचा पहिलाच. तारीख ठरली ८ आणि ९ नोव्हेंबर. पहिल्यांदाच अशी तयारी करणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून जे जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

४ ऑक्टोबर

नकाशा पसरून बसलो. १:५०,००० चा, म्हणजे २ सेंटीमीटरला १ किलोमीटर. पायथ्याचं गाव १,४३० मीटरवर आणि मुक्कामाला निवडलेली खिंड २,४८० मीटरवर. पट्टी लावली तर अंतर २१ सेंटीमीटर भरलं, म्हणजे साडेदहा किलोमीटर. कागदावर मी लिहिलं: "१०.५ किमी, चढ १,०५० मी. ताशी ४ किमीने दोन तास चाळीस मिनिटं. दुपारी १२ ला निघायचं, ३ च्या आत वर."

तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यातला एकही आकडा बरोबर नव्हता.

५ ऑक्टोबर

सकाळी मावशी आली. कागद वाचून म्हणाली, "वाट काय पट्टीसारखी सरळ जाते का गं?" शिवणाच्या डब्यातला दोरा काढून तिने पायथ्यापाशी बोटाने दाबून धरला आणि वाटेच्या प्रत्येक वळणावरून नखाने दाबत खिंडीपर्यंत नेला. मग दोरा पट्टीवर सरळ केला. २६ सेंटीमीटर भरला, म्हणजे १३ किलोमीटर. अडीच किलोमीटरचा फरक! शिवाय या प्रमाणाच्या नकाशावर नागमोडी चढाची बारीक वळणं दिसतच नाहीत, त्यामुळे खरं अंतर दोऱ्यापेक्षाही थोडं जास्तच असणार.

८ ऑक्टोबर

चढ पुन्हा मोजला. खिंडीच्या उंचीतून पायथ्याची उंची वजा करून मी मोकळी झाले होते. पण वाट सलग चढत नाही. पहिली धार ओलांडली की ती एका ओढ्यात उतरते आणि पलीकडून पुन्हा वर येते. कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकेक करून मोजल्या (या नकाशात दोन रेषांमध्ये २० मीटर, आणि दर पाचवी रेषा जाड). उतार ९ रेषांचा निघाला, म्हणजे १८० मीटर. उतरलेलं सगळं पुन्हा चढायचं, म्हणून एकूण चढ १,२३० मीटर. येतानाही हे १८० मीटर चढावे लागणार, आणि तेही दमलेल्या पायांनी. हे आधी कळलेलं बरं.

वेळेसाठी नेस्मिथचा नियम लावला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. दर ५ किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १३ किलोमीटरचे २ तास ३६ मिनिटं, १,२३० मीटरचे २ तास ३ मिनिटं, मिळून ४ तास ३९ मिनिटं. दुपारी १२ ला निघालो असतो तर न थांबताही पावणेपाच वाजले असते. नोव्हेंबरात ६ च्या आत सूर्य मावळतो.

इथून पुढे हिशेब उलटा करायचं ठरवलं. आधी मुक्कामी पोचण्याची वेळ लिहायची, ती सूर्यास्ताच्या किमान अडीच तास आधीची. तिथून मागे येत येत निघण्याची वेळ काढायची.

११ ऑक्टोबर

प्रत्येकाने आपापल्या मनाने सॅक भरून आणली. वजनकाट्यावर माझी १७.४ किलो भरली. माझं वजन ५८ किलो. वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझं पेलतं असं धरलं तर १२ किलोच्या आत राहायला हवं होतं.

तिन्ही सॅक जमिनीवर रिकाम्या केल्या तेव्हा कारण दिसलं. एकमेकांना न विचारता भरल्यामुळे तीन प्रथमोपचाराचे डबे, तीन सुऱ्या, तीन चार्जर, दोन पातेली आणि तीन टूथपेस्ट निघाल्या. भावाने जीन्सची जोडी घेतली होती. सुती कापड भिजलं की जड होतं, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं, म्हणून ती घरीच राहिली. मी एक जाडजूड पुस्तक घातलं होतं, तेही काढलं. संध्याकाळपर्यंत माझी सॅक १५ वर आली. ही छाटणी एकाच दिवसात संपत नाही, हेही लक्षात आलं.

आता एकच सामाईक यादी आहे आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कोण उचलणार त्याचं नाव आहे. तंबूचे तीन वाटे केले: कापड माझ्याकडे, काठ्या आणि खुंट्या भावाकडे, वरचं आवरण मावशीकडे.

१२ ऑक्टोबर

जवळच्या टेकडीवर भरलेल्या सॅक घेऊन सराव. ६ किलोमीटर, चढ ५०० मीटर. नेस्मिथप्रमाणे २ तास २ मिनिटं व्हायला हवी होती. आम्हाला लागले ३ तास १० मिनिटं. १९० भागिले १२२, म्हणजे जवळजवळ १.५५ पट.

भावाला वाईट वाटलं. तो एकटा असता तर दोन तासांत वर गेला असता, हे खरं आहे. पण तिघांचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचाच असतो, आणि पहिल्या टेकाडावर मावशीला मागे ठेवून पुढे पळालेला भाऊ वर जाऊन आमची वाट बघत घामाने गार पडला होता. उरलेल्या वाटेवर मावशीला पुढे ठेवलं. तिच्या पायाने चाललो आणि थांबे निम्म्यावर आले.

पायांबद्दल दोन गोष्टी. माझ्या टाचेला फोड आला. अर्ध्या तासापूर्वीच तिथे गरम लागायला लागलं होतं, पण "वर गेल्यावर बघू" म्हणून मी थांबले नाही. चिकटपट्टी त्या वेळी लावायला हवी होती, फोड आल्यावर तिचा काही उपयोग झाला नाही. भावाचे नवे बूट उतारावर अंगठ्याला लागत होते, नख काळंनिळं झालं. उतरायच्या आधी घोट्याजवळची नाडी घट्ट आवळली की पाय पुढे सरकत नाही. हे आम्हाला उतरून झाल्यावर कळलं.

१५ ऑक्टोबर

१.५५ ने गुणून बघितलं. खिंडीपर्यंत ७ तास १२ मिनिटं, त्यात जेवणाचा तास धरलेला नाही. सकाळी ७ ला निघून सव्वातीन. जमेल, पण वाटेत काही झालंच तर हातात वेळ उरत नाही.

त्यातच पाण्याचा घोळ समोर आला. खिंडीजवळ नकाशात निळी रेघ आहे, म्हणून तर मी ती जागा निवडली होती. भिंग घेऊन पाहिलं तर ती रेघ सलग नव्हती, तुटक होती. तुटक निळी रेघ म्हणजे ठरावीक काळच वाहणारं पाणी. पायथ्याच्या गावात फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं की खिंडीतलं पाणी कधीच आटलंय, पण अलीकडे २ किलोमीटरवर २,३५० मीटरला एक सपाटी आहे, तिथला ओढा बारमाही वाहतो.

खिंडीतच राहायचं ठरवलं असतं तर रात्रीसाठी आणि सकाळसाठी माणशी किमान ४ लीटर पाणी पाठीवर न्यावं लागलं असतं. ४ लीटर म्हणजे ४ किलो, आत्ता केलेल्या सगळ्या छाटणीवर पाणी पडलं असतं. मुक्काम सपाटीवर हलवला. आता अंतर ११ किलोमीटर, चढ १,१०० मीटर. नेस्मिथप्रमाणे ४ तास २ मिनिटं, आमच्या हिशेबाने सव्वासहा तास. सकाळी ७ ला निघालो, जेवणाला तास दिला, तरी सव्वादोनला पोचतो.

खिंड सुटली म्हणून भाऊ हिरमुसला. मग ठरवलं की दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या पाठीने तिथे जाऊन यायचं. सपाटीपासून २ किलोमीटर आणि १३० मीटर चढ, एवढंच तर आहे.

१८ ऑक्टोबर, रात्र

घराच्या गच्चीवर रंगीत तालीम. तापमान १२ अंश. माझ्या स्लीपिंग बॅगवर मोठ्या आकड्यात ५ लिहिलंय, म्हणजे १२ ला ती उबदार असायला हवी. रात्री अडीचला मी थंडीने जागी झाले. पाठ आणि कंबर गारठली होती, छातीवर मात्र ऊब होती.

१९ ऑक्टोबर

रात्रीच्या दोन्ही चुका आज उलगडल्या.

पहिली चूक बॅगची. तिच्या आतल्या पट्टीवर बारीक अक्षरात तीन आकडे असतात. एक आरामाचा, एक मर्यादेचा आणि एक टोकाचा. माझ्या बॅगचा आरामाचा आकडा ९ आहे आणि मर्यादेचा ५. बाहेर छापलेला मोठा आकडा मर्यादेचा होता. मर्यादेच्या तापमानाला सराईत माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढतो. टोकाचा आकडा तर निव्वळ जीव वाचण्यापुरता असतो. निवड आरामाच्याच आकड्यावर करायची.

दुसरी चूक खालच्या मॅटची, आणि ती जास्त महागात पडली. अंगाखाली दबलेलं बॅगचं अस्तर चपटं होतं, त्यात हवा उरत नाही, म्हणून खालून येणारी थंडी ते अडवू शकत नाही. ते काम मॅटचं. मॅटची थंडी अडवण्याची ताकद आर-मूल्यात मोजतात आणि एकावर एक दोन मॅट टाकल्या तर दोन्ही मूल्यांची बेरीज होते. माझी मॅट पातळ फोमची होती. मावशीच्या घरची जुनी फोमची मॅट तिच्याखाली टाकली आणि लगेच त्याच रात्री पुन्हा गच्चीवर झोपले. सकाळपर्यंत जाग आली नाही.

आता वरच्या थंडीचा हिशेब. दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. मुक्काम पायथ्याहून ९२० मीटर वर, म्हणजे ६ अंश कमी. पायथ्याला रात्री ९ असेल तर आमच्याकडे ३. माझी ९ अंशांची बॅग तिथे पुरणारच नाही. मैत्रिणीकडून शून्य अंश आरामाची बॅग मागून आणली. साडेचारशे ग्रॅमने जड आहे, पण या वजनावर मी वाद घालणार नाही.

पहाटे गच्चीवरच स्टोव्ह लावून पाहिला होता. सुरुवातीला आच छान होती, पण दुसरं पातेलं ठेवलं तोवर ज्योत मलूल झाली. डब्याला हात लावला तर बर्फासारखा गार. आतला द्रव वायू होताना डब्यातली उष्णता घेतो, डबा गार होतो आणि दाब पडतो. हा डबा निव्वळ ब्युटेनचा होता. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे ३ अंशांच्या पहाटे तो जेमतेम जळेल. आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ ला. या दोघांचं मिश्रण असलेला डबा घेतला. घेताना डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं, आकार आणि रंग सारखेच असतात.

गॅस किती लागेल तेही मोजलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवला, १ लीटर पाणी उकळलं, पुन्हा ठेवला. १६ ग्रॅम गेले. जेवणाला २ लीटर, सकाळी दीड आणि रात्री बाटलीत भरून झोपायच्या बॅगेत घ्यायला दीड, असं मिळून ५ लीटर. म्हणजे ८० ग्रॅम. थोडा वापरलेला एक डबा चालणार होता, दोन न्यायची गरज नव्हती.

वारा अडवायला पत्रा लावायचा तर डब्याभोवती पूर्ण वेढा घालायचा नाही, डबा तापून फुटू शकतो. आणि कितीही थंडी असली तरी स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. याबद्दल तिघांनी एकमेकांना शब्द दिला आहे.

२२ ऑक्टोबर

तंबू ठोकायची परवानगी. अर्जात मी फक्त माझं ओळखपत्र जोडलं होतं, तिघांचीही हवी होती. अर्ज परत आला. पुन्हा भरला, चार दिवस वाया गेले. शेवटच्या आठवड्यावर ठेवलं असतं तर तारीखच हुकली असती.

२६ ऑक्टोबर

पाण्यावर चर्चा झाली. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच प्यायचं नाही. गाळणी ०.१ मायक्रॉनची आहे, जिवाणू आणि परजीवी अडवते. पण तिच्यात एकदा पाणी गोठलं की आतल्या नळ्या तडकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून रात्री ती बॅगेत, अंगाजवळ ठेवायची. गाळणी निकामी झालीच तर पाणी उकळायचं. मी १ मिनिट उकळी धरली होती, पण २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं लागतात. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो, आमच्या मुक्कामी पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळेल.

संध्याकाळी बागेत तंबूचा सराव. पहिल्यांदा ३५ मिनिटं, तिसऱ्यांदा ११. चौथ्यांदा अंधारात, हेडटॉर्चवर, १६. आम्ही खूश. (खुंट्या मऊ गवतात रुतत होत्या, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.)

१ नोव्हेंबर

बाबांना द्यायचा कागद लिहिला. शेवटी मी लिहिलं होतं, "रविवारी संध्याकाळपर्यंत परत येऊ." बाबांनी चष्मा वर करून विचारलं, "संध्याकाळ म्हणजे किती वाजता? मी कितीपर्यंत शांत बसायचं आणि कधी फोन फिरवायला लागायचं, ते लिही."

बरोबर होतं त्यांचं. नव्याने लिहिला. वाट, मुक्कामाची जागा, तिघांचे नंबर, तंबूचा रंग. रविवारी संध्याकाळी ७ पर्यंत आमचा फोन आला नाही तर आधी पायथ्याच्या गावात विचारायचं, ८ पर्यंत पत्ता लागला नाही तर बचाव पथकाला कळवायचं. परतायची वेळही त्यातच लिहिली: शनिवारी दुपारी १२:३० पर्यंत दुसऱ्या धारेवरच्या मोठ्या खडकापाशी पोचलो नाही, तर जिथे असू तिथून मागे. हा आकडा घरी बसून, डोकं थंड असताना ठरवलेला बरा. वर असताना प्रत्येकाला "अजून थोडंच तर राहिलंय" असं वाटत असतं.

रात्री हॉलमध्ये संकटाचा इशारा शिकलो. मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्चची उघडझाप, मग एक मिनिट शांत, मग पुन्हा सहा. उत्तर देणारा मिनिटात तीनदा देतो. दहा दहा सेकंद मोजायची सवय होईपर्यंत मावशीने शिट्टी सोडली नाही. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असेल, सॅकच्या तळाशी नाही.

६ नोव्हेंबर

हवामान स्वच्छ, पायथ्याला रात्रीचं तापमान ९. पौर्णिमा काल झाली. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे शनिवारी सूर्यास्तानंतर दोन-अडीच तास मिट्ट काळोख असणार. पण पहाटे खिंडीत जाताना तो पश्चिमेला उजेड द्यायला असेल.

माझी सॅक २ लीटर पाण्यासकट १२.१ किलो.

८ नोव्हेंबर

७ ला निघायचं होतं, गाडीमुळे ७:२० झाले. मावशी पुढे.

खडकापाशी ११:५० ला. चाळीस मिनिटं हाताशी होती. इथे पाऊण तास बसून जेवलो. घाई नव्हती आणि ती नसल्याचं सुख तिघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं. पुढे वीस मिनिटांचा आणखी एक थांबा. सपाटीवर २:२० ला पोचलो. थांबे वगळून ५ तास ५५ मिनिटं, म्हणजे नेस्मिथच्या १.४७ पट.

हाताशी ठेवलेला वेळ लगेच कामी आला. सपाटीवर वीतभर मातीखाली खडक. पहिली खुंटी वाकली, दुसरी दोन बोटं जाऊन थांबली. बागेतल्या सरावाचा इथे काडीचा उपयोग झाला नाही. भाऊ चिडून दगडाने ठोकत होता, तिसरी खुंटीही वाकली. मावशीने त्याच्या हातातला दगड घेतला, तंबूची दोरी खुंटीच्या मध्यावर बांधली, खुंटी जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर, दोरीच्या बाजूने, दोन मोठे धोंडे रचले. दोरी ताणून बघितली, हलली नाही. आठही दोऱ्या तशाच बांधल्या. यात ५० मिनिटं गेली. अंधारात पोचलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी तेव्हा केला नाही, आता करते आहे.

जागाही बदलली. ओढ्याकाठी मऊ, सपाट गवत होतं, मोह पडला होता. पण थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून वाहत खळग्यात साचते. शिवाय पाण्यापासून ६०-७० मीटर दूर राहायचंच होतं. ओढ्यापासून ७० मीटरवर, जरा उंच टप्प्यावर तंबू लावला.

भावाच्या हेडटॉर्चचं बटण सॅकमध्ये दाबलं जाऊन ती दिवसभर पेटलेली होती. सेल संपलेले. सुटे सेल होते म्हणून निभावलं. यापुढे सॅकमध्ये टाकताना एक सेल उलटा घालून ठेवायचा.

बाटल्यांत गरम पाणी भरून बॅगेत घेतलं. मावशीने तिची मांड्यांच्या मध्ये धरली, म्हणाली तिथून ऊब सगळ्या अंगात जाते. खरंच जाते.

९ नोव्हेंबर

पहाटे ५:३० ला तंबूपाशी २ अंश. हिशेबात ३ होते. कुतूहलाने थर्मामीटर घेऊन ओढ्याकाठी उतरले. तिथे उणे १, आणि काल ज्या गवतावर झोपणार होतो त्याच्या पात्यापात्यावर पांढरं दहिवर गोठलेलं. बूट टेकला की कुरकुर आवाज यायचा. ७० मीटरांत तीन अंशांचा फरक.

५:४० ला निघालो, रिकाम्या पाठीने. टॉर्च थोड्या वेळाने बंद केल्या, चंद्राच्या उजेडात वाट स्वच्छ दिसत होती. खिंडीत ६:३५ ला. सूर्य नुकताच वर येत होता. मावशी बराच वेळ काही बोलली नाही, मग भावाला म्हणाली, "इथे राहिलो असतो तर रात्रभर वाऱ्याने झोपू दिलं नसतं बघ." खिंडीत वारा इतका होता की टोपी हाताने धरावी लागत होती. मुक्काम पाण्यासाठी हलवला होता, वाऱ्याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

परत आलो तर तंबूचं आतलं कापड ओलं, बॅगेचा पायाकडचा भाग दमट. बाष्प आमच्याच श्वासाचं. थंडीच्या भीतीने रात्री दोन्ही झडपा बंद केल्या होत्या, एक तरी उघडी ठेवायला हवी होती. वाळवण्यात तास गेला.

निघालो १०:१५ ला. येताना ११ किलोमीटर आणि तो १८० मीटरचा उलटा चढ. नेस्मिथप्रमाणे अडीच तास, आमच्या १.५५ ने ३ तास ५२ मिनिटं. लागले ४ तास २०. मावशीचा गुडघा उतारावर दुखायला लागला. तिची सॅक आम्ही दोघांनी वाटून घेतली आणि तिला चालायच्या दोन काठ्या दिल्या. काठ्या पहिल्यापासून द्यायला हव्या होत्या. नेस्मिथचा नियम उताराचा वेळ धरत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्याचा तर नाहीच.

तासाभराची विश्रांती धरून ३:३५ ला पायथ्याशी. ३:५० ला रेंज आली, बाबांना फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

११ नोव्हेंबर

तंबू गच्चीवर वाळतोय. गॅसचा डबा काट्यावर ठेवला: ७४ ग्रॅम खर्च, अंदाज ८० चा होता. न वापरता परत आलेल्या वस्तू: एक जास्तीचं पातेलं, दोन जादा टी-शर्ट आणि माझा दुसरा स्वेटर. शिट्ट्या आणि प्रथमोपचाराचा डबाही न वापरता आले, पण ते दरवेळी येणार.

वहीत पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलं: चढाला १.५, उताराला १.७५. वाकलेल्या खुंट्या बदलायच्या. दोऱ्यांची लांबी अर्धा मीटर वाढवायची, धोंडा बांधायला ती कमी पडत होती. काठ्या तीन जोड.

बाबांचा कागद अजून दाराला चिकटवलेला आहे. त्यातल्या ७ या आकड्याभोवती त्यांनी पेनने इतक्या वेळा गोल केलाय की कागद तिथे फाटलाय.